साळवे सरांच्या दोन जोड्या

चहाला चार प्राध्यापक जमले, की साळवे सर तिघांना खाली लांब लांब बसवत आणि चौथ्याला टेबलावर चढवत. "नाहीतर कोन बिघडतो," म्हणत. मी मराठी शिकवायचो, वजनाने हलका; त्यामुळे टेबलावर बहुधा मीच.

एकाहत्तर-बहात्तरचा सुमार. बेलापूरजवळच्या आमच्या नव्या कॉलेजात साळवे सर रसायनशास्त्र शिकवत. लिंबू म्हणजे मधला अणू, त्याला बाभळीचे काटे आणि काट्यांवर बोरं, असे त्यांचे रेणू. "इलेक्ट्रॉनच्या जोड्यांना एकमेकींचं तोंड बघवत नाही हो! जमेल तितक्या लांब बसतात. त्यातूनच रेणूचा आकार ठरतो."

आम्हा दोघांच्या नोकऱ्या कायम करायच्या की नाही, हे ठरवायला समिती यायची होती. प्रयोगशाळेत पाण्याचा रेणू मांडलेला : लिंबाला दोन लाल बोरं, दोन हिरवी. सर पाहुण्यांना आणायला फाटकावर गेले होते. शिपाई सखाराम म्हणाला, "पान्यात हायड्रोजन दोनच असत्यात न्हवं? मंग ही हिरवी जादा हायेत. खावा की, सर!"

सरांची फजिती बघायची मला खुमखुमी आली. काटे उपटले आणि हिरवी बोरं तोंडात टाकली. तेवढ्यात समिती दारात.

"हायड्रोजन दोनच, तर समोरासमोर का नाहीत? वाकले कशाने?" अध्यक्षांनी विचारलं.

"या दोन मोकळ्या जोड्या त्यांना खाली रेटतात," म्हणत सरांनी बोट नेलं. तिथे दोन भोकं.

"कुठायत जोड्या?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही गाल फुगलेले.

"मीच खाल्ल्या, साहेब," सर म्हणाले. "भूक लागली होती."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "इलेक्ट्रॉन खाल्ले?"

आठवड्याने यादी लागली. मी कायम झालो. सर नाही.

त्या संध्याकाळी माफी मागायला त्यांच्या खोलीवर गेलो. चपला काढेपर्यंत तेच म्हणाले, "तुमच्यामागे बायको, दोन पोरं. माझं काय, लिंबं कुठेही मिळतात. आलाच आहात तर जेवून जा."

खोलीत ताट एकच होतं. ते त्यांनी मला दिलं, स्वतः डब्याच्या झाकणात वाढून घेतलं. मी उठायला लागलो, की म्हणत, "अहो, अर्धी भाकरी आणखी. घाई काय आहे?"

चार भाकऱ्या खाल्ल्या. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.