डाव्या हाताचा पेढा

सहादूला सेल्फीचं याड लागलं, ते पयल्यांदा त्याच्या म्हशीला कळलं. धार काढताना ह्यो गडी तिच्या गळ्यात हात टाकून फोन वर धरायचा. शेवटी फोन दिसला की म्हस पान्हा चोरायला लागली. (तिला कुठं लाईक भेटणार व्हते?)

लाईक आले की सहादू दिवसभर शीळ घालायचा. नाय आले की भाकर जायची नाय. तर आशा ह्या सहादूच्या पोरीचा, तेजस्विनीचा साखरपुडा. गंगापूर रोडला हॉल घेतलेला. नवरदेवाकडची मंडळी इगतपुरीची. नवरदेवाचा बाप, म्हंजे इवाई रंगनाथ, रेल्वेतून रिटायर झालेला, हिरवा झेंडा दाखवल्याबिगर जांभई बी देत नाय असला कडक माणूस.

"पप्पा, आज फोन खिशात ठेवा," पोरीनं बजावलं.

"व्हय गं बाई. एकच काढतो. इवायासंग."

झालं! त्या एकानंच घात केला.

टिळा झाला, नारळ झाले. मंग दोन्ही बापांनी येकमेकाला पेढा भरवायचा. सहादूनं मनात फोटू आधीच काढून ठेवलेला: इवायाचं तोंड उघडं, पेढा आर्ध्यात, आन आपली बत्तिशी फुल्ल! फोन उजव्या हातात धरला, कारण डाव्याचा आंगठा बटनाला पुरत नव्हता. उरला कोन्ता हात? डावा. त्यानंच उचलला पेढा आन कोंबला रंगनाथच्या तोंडात. खटॅक!

"थांबा!"

ही कुसाबाई. रंगनाथची थोरली बहीण, म्हंजे नवरदेवाची आत्या. बाईचा आवाज आसा, की वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडातून काढली.

"डाव्या हातानं पेढा? आरं, डाव्या हातानं आमी कुत्र्याला बी भाकर टाकीत नाय! चला रं, उठा! आसल्या घरची पोर नको आमाला!"

इगतपुरीवाले लागले की चपला हुडकायला! तेजस्विनीचे डोळे भरले. नवरदेव आत्याकडं बघतोय, आत्या दाराकडं. पोरीचं लगीन आपल्या एका फोटूपायी मोडतंय, हे सहादूच्या ध्यानात आलं. तेवढ्यात फोनवर आंगठा पडला आन फोटू उघडला.

फोटूत पेढा उजव्या हातात!

(तुमाला तर ठावं हाय, पुढचा कॅमेरा म्हंजे आरसाच. डाव्याचं उजवं करतो. सहादूला ठावं नव्हतं. त्याला वाटलं, सप्तशृंगी पावली.)

"आक्का, हे बघा!" सहादू गरजला. "उजवा हात! फोटू खोटं बोलंल का?"

बोलता बोलता डाव्या हाताला लागलेला पेढा त्यानं हळूच लेंग्याला पुसला.

कुसाबाईनं फोटू बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. "मंग माझे डोळे फुटले का काय?"

"आक्का," रंगनाथ म्हणला, "भरल्या हॉलात इवायाचा आपमान केलास. माफी माग."

"चुकलं बाबा माझं," कुसाबाई पुटपुटली.

हितं सहादूनं फोन खिशात घालायचा का नाय? नाय! लागला हॉलभर फोटू नाचवायला. "बघा! उजवा! आवं, नीट बघा!" फोन फिरत फिरत आला त्याच्याच बायकोकडं, नवसाबाईकडं. आता फोटूत हज्जार माणसं आसू द्या, माणूस आधी सोताला हुडकतो. नवसाबाईनं हुडकलं आन केकाटलीच.

"आगं बया! माझी नथ उजव्या बाजूला कशी गेली?"

आख्खी इगतपुरी आधी नवसाबाईच्या नाकाकडं बघे, मंग फोटूकडं. नाकात नथ डावीकडं, फोटूत उजवीकडं.

"मागच्या बोर्डावरची नावं बी उलटी दिसत्यात," नवरदेव हळूच म्हणला.

"म्हंजे हात बी..." रंगनाथ सहादूकडं वळला.

"इवाई," सहादूनं हात जोडले, "हात डावा व्हता, पर मन उजवं व्हतं हो!"

रंगनाथच्या मिशा थरथरल्या. राग का हसू, कुणाला उमगंना. शेवटी पोटच हालायला लागलं तवा कळलं, हसू हाय.

"पेढा ग्वाड लागला, काय खोटं बोलू! पर बहिणीला फुकट माफी मागाया लावली म्या. आता ती म्हणंल तसं."

कुसाबाईनं पदर खोचला. "आना तो फोन. लगीन लागंस्तवर माझ्यापाशी राहील. पोरगी लाखाची हाय, तिला आमी नेणार! पर तुमी आधी धरा कान."

भर हॉलात सहादूनं दोन्ही कान धरले. सनई परत सुरू झाली. कुसाबाईनं फोन वर धरला. "सरका जरा, माझा बी एक काढते!" जिंदगीतला पयला सेल्फी बाईचा. काढला आन लगेच टाकला बी, सहादूच्याच फेसबुकवर!

पंगत बसली तरी फोन वाजायचा थांबंना. लाईक, लाईक, लाईक! सहादूच्या घशाखाली घास उतरंना. "आक्का, एक डाव दाखवा की, पाया पडतो!"

दाखवला. आख्ख्या फोटूत कुसाबाईचं तोंड. आन कडंला, चिमटीत धरलेला सहादूचा एक कान. बाकीचा सहादू कापला गेलेला.

खाली तेजस्विनीची कमेंट: "पप्पांचा आजवरचा सगळ्यात भारी फोटो!"