खांबाखालचे पाहुणे

"आज दिवसभरात एकदा तरी 'मला माहीत नाही' असं म्हणा," दौलतने बोई मासे खवलता खवलता नवऱ्याला बजावलं. "म्हटल्याने जीभ झडत नाही कुणाची."

"आणि माहीत असलं तर?" बयूमीने विचारलं.

"तुम्हाला? कापूस सोडून काय माहीत आहे तुम्हाला?"

अलेक्झांड्रियाच्या अन्फूशी भागात बयूमी गाद्या भरायचा, आणि कापसातलं त्याला न कळणारं असं काही नव्हतं हे खरंच. पण बाकीचं जगही आपल्याला तेवढंच कळतं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्याला एकट्यालाच कशाला दोष द्यायचा? अन्फूशीत रीतच तशी. दारात आलेल्याला 'माहीत नाही' म्हणून परत पाठवणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारणं. त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचंच, मग तो चहा असो नाहीतर पत्ता. त्या दिवशी सकाळीसुद्धा तांता गावाहून सहलीला आलेल्या एका बसच्या ड्रायव्हरने गल्लीच्या तोंडाशी थांबून कुठल्याशा हॉटेलची वाट विचारली होती. त्या हॉटेलचं नाव बयूमीने जन्मात ऐकलं नव्हतं. तरी त्याने हात लांब करून सांगितलं, "सरळ जा, मग डावीकडे." ड्रायव्हर दुवा देत गेला आणि बयूमीलाही पुण्य केल्यासारखं वाटलं.

पण आजचा दिवस निराळा होता. आज त्याच्या लेकीचं, नेमतचं लग्न ठरायचं होतं. मुलगा हमाम, बंदरात क्रेन चालवायचा, मूळचा दूर दक्षिणेकडचा, सोहागचा. मुलगा चांगला होता आणि नेमतचा जीव त्याच्यावर जडला होता, हे तर गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. फक्त हज करून आलेले त्याचे काका हाज खल्लाफ यांनी हो म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी हात पसरून कुराणातला फातिहा म्हणायचा, की सोयरीक पक्की. हाज रात्रीच्या गाडीने आले होते. हातात जाड काठी, अंगात पायघोळ करडा झगा आणि चेहऱ्यावर तीन पिढ्यांचा संशय.

"माझी एकच अट हाय," चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले. "थापाड्याच्या घरी सोयरीक न्हाई. थोरल्याची पोर दिली एका घरात. म्हनत होते, आमची गिरनी हाय. जाऊन बघतो तर गिरनी न्हाईच. नुसता भोंगा!"

"शिव शिव" म्हणायची सोय तिथे नव्हती, म्हणून बयूमीने नुसतीच जीभ चावली. "खोटं आम्हालाही खपत नाही, हाजसाहेब."

"मग चल, मला तुझं शहर दाखव. चालताबोलता मानूस कळतो."

"शहर? इथला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे!"

नेमतने डोळे मिटले. बाबा जन्मात किल्ल्याच्या आत गेले नव्हते, हे तिला माहीत होतं. किल्ला घरापासून हाकेच्या अंतरावर. तो काय पळून जातोय, उद्या बघू, असं म्हणता म्हणता बाबांचे केस पांढरे झाले होते.

घोडागाडी ठरली. पुढे गाडीवानाशेजारी हमाम, मागे हाज, बयूमी आणि मध्ये नेमत. बापाला वेळीच चिमटा काढता यावा म्हणून ती मुद्दाम मध्ये बसली होती. समुद्रावरून खारा वारा येत होता, घोड्याच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते, आणि बयूमीला एकाएकी असा हुरूप चढला की विचारू नका. आपलं शहर आहे तरी किती देखणं! त्याला ते आजच दिसत होतं.

किल्ल्यापाशी हाजनी काठी रोखली. "इथं पूर्वी दीपस्तंभ व्हता म्हनं. दुनियेत नाव व्हतं त्याचं. कुठं गेला?"

नेमतने चिमटा काढला. पण बयूमीच्या तोंडून उत्तर निघून गेलं होतं.

"दुरुस्तीला नेलाय."

"कधी येनार?"

"सरकारी काम, हाजसाहेब. तुम्हीच समजून घ्या."

हाजनी मान हलवली. हसले की रागावले, ते मिशांमुळे कळलं नाही. नेमत बापाच्या कानाशी झुकली. "बाबा," ती कुजबुजली, "माझ्या गळ्याची शपथ. आता पुढे कुणी काही विचारलं तर माहीत नाही म्हणा."

"म्हणतो. पुढच्या ठिकाणी नक्की म्हणतो."

गाडीवानाने पुढे नेलं ते सवारीचा खांब म्हणतात त्या जुन्या दगडी खांबापाशी. हा खांब तुम्हाला शहरात कुठूनही दिसत नाही. पण जवळ गेलं की मात्र दुसरं काहीच दिसत नाही. लालसर दगडाचा एकसंध सोट, आभाळात घुसलेला. पायथ्याशी दोन दगडी सिंहिणी, तोंडं मात्र माणसांची. बयूमीने मान वर केली, ती वरच राहिली. एवढी थोरली वस्तू शहरात आहे आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही?

"कुनी उभारला?" हाजनी विचारलं.

बयूमीने तोंड उघडलं. 'माहीत नाही' हे शब्द खरोखर त्याच्या ओठांपर्यंत आले होते. पण मागे पाच-सहा माणसं थांबली होती, तीही उत्तराची वाट बघत होती. एवढ्या लोकांना विन्मुख पाठवायचं?

"राजाने," तो म्हणाला. "लेकीच्या लग्नासाठी."

"लग्नाला खांब?"

"तराजूचा खांब आहे हा! लेकीला रुखवतात हजार गाद्या द्यायच्या होत्या. त्याचा कापूस तोलायचा कशाने? मग आणला हा दगड. वर दांडी आडवी, एका पारड्यात कापूस आणि दुसऱ्या पारड्यात खुद्द राजा. चांगला दांडगा होता तो."

माणसं वाढू लागली. कापूस कसा पिंजला, कोणी पिंजला, राजकन्येने पहिली गादी टणक आहे म्हणून कशी परत पाठवली, हे सगळं बयूमी रंगून सांगू लागला. त्यात कापसाबद्दलचं एकूण एक अक्षर खरं होतं.

"आणि या दोन सिंहिणी?" गर्दीतून एका जाडजूड बाईंनी विचारलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

"राजकन्येच्या सासवा."

"दोन?"

"राजघराणं होतं बाई. एकीत भागत नसे."

हशा पिकला, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांनीच घात केला. पांढऱ्या गणवेशातला पर्यटन पोलीस गर्दी बाजूला सारत आला.

"गाइडचा परवाना दाखवा."

"गाइड कोण? मी?" बयूमीने स्वतःकडेच बोट दाखवलं. "मी गादीवाला आहे. ही माझी पाहुणेमंडळी."

"ही सगळी?"

बयूमीने वळून पाहिलं. मागे आख्खी बसभर माणसं उभी होती. हाज भुवया वर करून त्याच्याकडेच बघत होते. आता मागे फिरायचं म्हणजे भोंगा उघडा पडणार.

"हो, सगळी! दुपारी माझ्याकडेच जेवायला आहेत. काय हो मंडळी?"

नाईलकाठी अशा बोलावण्याला होडीवाल्याचं आमंत्रण म्हणतात. होडीवाला भर पाण्यातून ओरडतो, "या जेवायला!" काठावरचा माणूस छातीवर हात ठेवून "बरकत असो" म्हणतो, आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. बयूमीला वाटलं, मंडळी छातीवर हात ठेवतील. जन्मभर सगळ्यांनी ठेवलाच होता.

पण शिट्टीवाल्या बाई, म्हणजे सहलीच्या मुख्य मादाम सनिया, जवळजवळ रडायलाच आल्या. "देव तुमचं भलं करो! सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात. आमचं हॉटेल सापडलंच नाही. कुणा गाढवाने ड्रायव्हरला 'सरळ जा, मग डावीकडे' सांगितलं, आम्ही थेट मासळीच्या गोदामात!"

ड्रायव्हर टाचा उंचावून बयूमीकडे निरखून बघू लागला. बयूमीने घाईघाईने तोंड फिरवलं.

"चला तर मग, मीही येतो सोबत," पोलीस म्हणाला. "बघू तुमचं जेवण."

नेमतने आईला फोन लावला. "आई, पाहुणे थोडे वाढलेत."

"थोडे म्हणजे किती?"

"आई, त्यांना शिट्टी वाजवून गोळा करावं लागतं."

पलीकडे काहीतरी दणकन पडल्याचा आवाज आला. बहुधा पातेलं. मग दौलतचा आवाज आला, एकदम शांत. "तुझ्या बाबांना सांग, लग्न होऊन जाऊ दे. मग मी त्यांच्याकडे बघते."

पुढे घोडागाडी आणि मागे बस अशी वरात अन्फूशीत शिरली, तेव्हा दौलत गल्लीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती. पण तिने नुसतं उभं राहून वेळ घालवला नव्हता. सज्ज्यासज्ज्यातून दोऱ्यांना बांधलेल्या टोपल्या खाली येत होत्या. एकीत भाकऱ्या, दुसरीत लोणच्याची वांगी, तिसरीत कुणाच्या तरी घरची उतरवलेली आख्खी कढई. कोपऱ्यावरचा कलेजीवाला आपला तवा उचलूनच घेऊन आला. बसायला जागा? हमामने बयूमीचं गाद्यांचं दुकान उघडलं आणि नेमतच्या रुखवताच्या कोऱ्या गाद्या गल्लीभर अंथरल्या.

"एवढ्या मऊ गादीवर बसून मी कधी मासा खाल्ला नाही!" मादाम सनिया म्हणाल्या.

"राजकन्येने परत पाठवली ती हीच का?" पोलिसाने तोंड भरलेलं असतानाच विचारलं. परवान्याचा विषय बोईच्या दुसऱ्या तुकड्याबरोबर त्याच्या पोटात गेला होता. कांद्याचा तांबूस भात ताटाताटांतून फिरत होता, तांत्याच्या बायका गाणी म्हणत होत्या, पोरं बसच्या टपावर चढली होती, आणि बयूमी वाढता वाढता घामाने निथळत होता. इतका आनंद त्या गल्लीने कुठल्या लग्नातही पाहिला नव्हता.

जेवणं उरकली. हाज खल्लाफनी काठी आपटली, तशी गल्ली गप्प झाली.

"बयूमी, इकडं ये. आता खरं सांग. तो खांब कुनी उभारला?"

बयूमीने दौलतकडे पाहिलं. मग नेमतकडे पाहिलं. ती वाढायचा डाव छातीशी धरून उभी होती, आणि तिचे डोळे भरले होते. त्या डोळ्यांपुढे त्याला खोटं सुचेना. लेकीचं सगळं आयुष्य आपण एका दगडावर उधळलं, असं वाटून त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माहीत नाही," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "मला माहीत नाही, हाजसाहेब. मी तो आज पहिल्यांदा पाहिला. दीपस्तंभाचंही माहीत नाही. पण माझी पोर खोटी नाही. तिला माझ्यामुळे परत पाठवू नका."

"मला ठाव हाय," हाज म्हणाले. "खांबाखाली पाटी हाय. तू बोलत व्हतास, तवाच वाचली म्या. कुन्या रोमच्या बादशहाचा हाय तो."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"त्या राजकन्येचं पुढं काय झालं ते ऐकायचं व्हतं."

हसावं की नाही ते कुणाला समजेना. हाज पुढे म्हणाले, "भोंगा दाखवून गिरनी हाय म्हननारे लई बघितले. तू पोलिसाला पाहुने म्हनालास आनि पाहुने करून जेवू घातलेस. मग त्यात खोटं कुठं उरलं? अशा घरात माझा पुतन्या उपाशी मरनार न्हाई. चला, हात पसरा."

गल्लीभर हात पसरले गेले, ड्रायव्हरचे आणि पोलिसाचेसुद्धा. फातिहा संपला तशी दौलतने गळा फाडून आनंदाची किलकारी दिली, आणि बयूमी एका गादीत तोंड खुपसून मनसोक्त रडला.

बस निघाली तेव्हा ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याने बयूमीला केव्हाच ओळखलं होतं, पण खाल्ल्या मिठाला जागून तो गप्प होता. "तांत्याचा रस्ता कुठून?" त्याने विचारलं.

सारी गल्ली बयूमीकडे वळली. बयूमीचा हात सवयीने वर गेला. दौलतने नुसतं पाहिलं, आणि हात खाली आला.

"माहीत नाही," बयूमी म्हणाला. या वेळी म्हणताना ते बरंच सोपं गेलं.

ड्रायव्हरचा चेहरा पडला. आता पाहुणा असा विन्मुख जाणार, हे हाज खल्लाफना बघवेना. सोहागहून पहिल्यांदाच अलेक्झांड्रियात आलेल्या त्या सत्यवचनी म्हाताऱ्याने काठी उंचावली.

"सरळ जा," ते ठासून म्हणाले, "मग डावीकडं."

ड्रायव्हरने दुवा दिला आणि बस सरळ गेली. मग डावीकडे वळली. डावीकडे समुद्र होता.