एक वाजताची शिट्टी

या, पुढे या. फाटकात उभं राहून काय बोलायचं? माझ्या कानांत आता तेवढी ताकद राहिलेली नाही. आणि तो फोन आधी पिशवीत टाका बरं. तुम्ही लोक श्रीवर्धनला समुद्र बघायला येता, जाता जाता माझ्या वाडीपाशी गाडी थांबवता, कुंपणावरून सुपारीच्या झाडांचे फोटो काढता आणि "आजी, पुढच्या खेपेला नक्की येऊ हं" म्हणून निघून जाता. पुढची खेप काही येत नाही. मी तोंडं लक्षात ठेवते बरं का, आत्ताच सांगून ठेवते.

एकदा दुपारी पावणेएकला येऊन ओटीवर बसा. पंधरा मिनिटांत एक गृहस्थ फाटकाशी येतील. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, इस्त्रीची खाकी पँट आणि पायात रबरी चप्पल. एक वाजला की खिशातून पितळी शिट्टी काढतील, गाल फुगवून वाजवतील आणि ओरडतील, "अर्धा ताऽऽस!" की माझ्या खळ्यात असोली सुपारी सोलत बसलेल्या चारही बाया हातातली सुपारी तिथल्या तिथे टाकून उठतील. अर्धी सोललेली असली तरी.

वाडी माझी, सुपारी माझी, बायांना तासाप्रमाणे मजुरी देते ती मी. शिट्टी मात्र आमच्या दामूभावजींची.

भावजी म्हणजे नात्याचे नव्हेत, शेजारचे. आमच्या ह्यांचे मित्र. हे गेले, पण भावजींचं "वहिनी, हाय का चहा?" चालू राहिलं. रोह्याकडे एका कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं टाइमकीपरची नोकरी केली. टाइमकीपर म्हणजे गेटवरच्या केबिनमध्ये बसून कोण किती वाजता आत आलं, किती वाजता बाहेर गेलं, जेवणाची सुट्टी कुणी किती घेतली, जादा तास कुणाचे किती झाले, हे लिहिणारा माणूस. निवृत्त होऊन घरी आले ते टाइम ऑफिस डोक्यात घेऊनच आले. त्यांच्या न्हाणीच्या दाराला अजून एक पुठ्ठा टांगलेला आहे. "सहा दहा, आत. सहा वीस, बाहेर." एकटा माणूस, आंघोळीला कितीही वेळ लावला तर विचारणार कोण? पण लिहितात.

शेवंताचा कोंबडा एकदा पहाटे फार लवकर आरवायला लागला. शेवंता म्हणजे माझ्याकडच्या बायांतली म्होरकी, जिभेची तिखट. भावजींनी तिला गाठून सांगितलं, "तुझा कोंबडा ड्यूटीच्या आधी दीड तास येतोय. त्याचा ओव्हरटाइम मिळायचा न्हाय, सांग त्याला."

शेवंता म्हणाली, "तुमीच सांगा. मी सांगितलं तर मलाच टोचतोय."

"नोंद झाली," भावजी म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी मेलं तरी नोंद झाली, कुणाकडे पेढे आले तरी नोंद झाली.

एकदा अंगात ताप भरला म्हणून दवाखान्यात गेले. नंबर यायच्या आधी डॉक्टरांना विचारलं, "सकाळी किती वाजता बसलात?" डॉक्टर बिचारे बोलून गेले, आठ वाजता. झालं! तेव्हा एक वाजून गेला होता, म्हणजे पाच तास सलग काम, सुट्टी नाही. भावजींनी दार ओढून घेतलं आणि अंगात ताप असताना अर्धा तास दाराबाहेर उभे राहिले. कुणाला आत सोडलं नाही. "सायबांचं पोट हाय का न्हाय?" असं म्हणून एका म्हातारीशी भांडलेदेखील. आतून डॉक्टर "अहो, माझा डबाच आणलेला नाही" म्हणून ओरडत होते. अर्धा तास झाला तेव्हा भावजी ताप तसाच घेऊन घरी आले. का, तर त्यांचा नंबर गेला होता.

माझ्या वाडीत ते घुसले त्याची गोष्ट अशी. व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता आणि माल सोलून तयार नव्हता. मी बायांना म्हटलं, दोन दिवस जरा उशिरापर्यंत बसा. जेवण काय, हात धुऊन दोन घास घ्यायचे आणि लागायचं कामाला. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून असंच चालत आलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी कुंपणाशी येऊन उभे.

"वहिनी, ह्या किती वाजता बसल्या?"

"आठला."

"मग आता एक वाजला. पाच तास झाले. पाच तासांच्या वर सलग काम न्हाय. अर्धा तास सुट्टी. आणि काल सहानंतर बसवल्या होत्या, त्या तासांचे दुप्पट."

"भावजी, ही वाडी आहे, कारखाना नाही."

"व्हय, मला दिसतंय. तिकडं पत्रा असतो, इकडं झावळ्या हायत. बाईची कंबर तीच."

मला राग आला. माझ्याच अंगणात मला शिकवतात! शेवंता पण त्यांच्यावरच उखडली. "अर्धा तास नुसतं बसून काय करू वो? अंग आखडंल माझं."

"झोप."

"दिवसाढवळ्या?"

"मग केस विंचर. गप्पा मार. वहिनींना शिव्या घाल. तो तुझा वेळ हाय, मी विचारणार न्हाय."

पहिले चार दिवस त्या बाया नुसत्या एकमेकींकडे बघत बसल्या. सुट्टीचं काय करायचं असतं ते कुणाला ठाऊकच नव्हतं. मग हळूहळू एकीने डबा उघडून दुसरीला कालवण दिलं. शेवंता पायऱ्यांवर आडवी होऊन घोरायला लागली. आणि खरं सांगते, मीसुद्धा पान वाढून घेऊन खाली बसले. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून मी दुपारी कधी मांडी घालून गरम जेवले असेन तर शपथ. जादा तासांचे दुप्पट दिले, कुरकुरत दिले, पण दिले. दुसऱ्या दिवशी भावजी शिट्टी घेऊन आले. तेव्हापासून शिट्टी चालू.

आता शिमग्याचं ऐका. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. गडी ती खांद्यावर नाचवतात, ओवाळायचं, नारळ द्यायचा, की पालखी पुढच्या दारात. ह्या वर्षी एकाच्या सुमाराला पालखी भावजींच्या अंगणात आली आणि भावजींनी दोन्ही हात आडवे केले.

"उतरवा. गडी आठपासून नाचवतायत. पाच तास झाले."

लोकांना वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी पाट मांडून ठेवला होता, गड्यांसाठी कोकम सरबताचं पातेलं भरलेलं होतं. पालखी बसली. पुढच्या घरचे नाना ताट घेऊन ओरडायला लागले, "दामू, आमच्या ताटातली फुलं सुकली!"

"सुकू देत. अर्धा तास."

"देवाला ओलीस ठेवलान ह्यानं!"

"देवाची पण नोंद झाली, नाना. देव काय बोलत न्हाय, तू कशाला बोलतोस?"

सगळं गाव हसत होतं. मीही हसले. एवढंच लक्षात आलं, की सुट्टी गड्यांची, पण भावजी काही बसले नाहीत. अंगणातून रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे. पुन्हा जायचे. अर्ध्या तासाने वळणावरून एकची एसटी आली, नेहमीसारखी उशिरा, थांबली, गेली. मग त्यांनी मान हलवली. "उचला," म्हणाले. सरबताचं पातेलं अर्धंअधिक तसंच राहिलं.

तुम्ही विचाराल, ह्या माणसाला बायको नाही का? आहे ना. सुनंदा. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मला धाकट्या बहिणीसारखी. लेक नीता पनवेलला असते, एका मोठ्या दुकानात कामाला. तिच्या बाळंतपणाला सुनंदा गेली ती सव्वा महिन्यासाठी. लेकीची नोकरी सुरू झाली, मग नातीला कोण बघणार? सव्वा महिन्याची आता दोन वर्षं झाली. कुणी विचारलं, "दामू, बायको कधी येणार?" तर भावजी म्हणतात, "ड्यूटीवर हाय."

मेमधली गोष्ट. एक वाजला. शिट्टी नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाया सोलतच होत्या.

मी म्हटलं, "अगं उठा, जेवा. एक वाजून गेला."

शेवंता म्हणाली, "काकू, शिट्टी कुठं झाली?"

"मी सांगत्ये ना?"

"तुमी मालक. तुमच्या सांगण्यानं कामाला बसायचं. उठायचं त्येंच्या शिट्टीनं." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "जाऊन बघा वो. म्हातारा एकटा हाय."

मी चप्पल न घालताच गेले. भावजी पडवीत बसले होते, धडधाकट. मांडीवर पाटी, पाटीवर रेघांचा कागद. बाजूला चुरगळलेल्या कागदांचा ढीग. मला बघून त्यांनी कागद झाकला नाही, उलट पुढे केला. टाइम ऑफिसच्या अक्षरात लिहिलं होतं:

"विषय: सौ. सुनंदा यांच्या साप्ताहिक सुट्ट्यांबाबत. चि. नीता हीस कळविण्यात येते की, सदर बाई दोन वर्षे सलग कामावर असून त्यांस एकही रविवार मिळालेला नाही. बुडालेल्या सुट्टीच्या बदली सुट्टी दोन महिन्यांचे आत देणे असते. मुदत उलटून गेलेली आहे. तरी..."

"तरी"च्या पुढे काही नव्हतं.

"पुढं काय लिहू?" भावजी म्हणाले. "काल येणार होती. नीताला दुकानात थांबवून घेतलं, जादा तास. मग ही कशी निघणार? शिमग्याला पण तेच झालं. एकच्या गाडीनं येते म्हणाली होती. पालखी चुकू नये तिची म्हणून... जाऊ द्या. नीता बिचारी दहा-दहा तास उभी असते. तिला कुणी सुट्टी देत न्हाय, ती आईला कुठून देणार?"

"मग सुनंदालाच फोन करा ना. म्हणावं, ये."

ते शिट्टी बोटांत फिरवायला लागले.

"कुठल्या तोंडानं, वहिनी? मी रोह्याला खोली घेऊन राहायचो. आठवड्याला एक सुट्टी, तेवढ्यात घरी यायचो. पण बदलीचा माणूस आला न्हाय की मीच थांबायचो. रविवारचं काम, दुप्पट पगार. नीताचं शिक्षण त्यातूनच झालं, हे घर त्यातूनच झालं. ही तुमच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची, गाडी बघायला. तुमीच सांगितलंत मला ते. मी उतरलो न्हाय की घरी जाऊन दोघांचं वाढलेलं झाकून ठेवायची. एवढ्या वर्षांत एकदा म्हणाली न्हाय, का आला न्हाय म्हणून. साऱ्या कारखान्याच्या सुट्ट्या मी बघितल्या, एकाची बुडू दिली न्हाय. तिचे रविवार मात्र मीच विकले. आता मी तिला म्हणू, तू ये?"

मला ते कुंपण आठवलं. हिरवं लुगडं, कडेवर नीता, आणि मी ओटीवरून म्हणायची, "अगं, ऊन लागेल पोरीला." ती म्हणायची, "आली की गाडी, माई. आता आलीच."

भावजी उठले. तोंड धुतलं, शर्ट नीट केला आणि माझ्याबरोबर वाडीत येऊन शिट्टी वाजवली. बाया उठल्या. शेवंताने विचारलं, "पंचवीस मिनिटं उशीर! त्याचं काय?"

"तुमची सुट्टी पंचवीस मिनिटं वाढली. चूक टाइमकीपरची."

"नोंद झाली!" शेवंता म्हणाली आणि सगळ्या हसल्या. भावजीही थोडे हसले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितलं. शिट्टी वाजवून झाली की भावजी घरी जात नाहीत. बाया डबे सोडतात, मी पान वाढते, आणि ते फाटकाशी तसेच उभे असतात. तोंड वाडीकडे नसतं, रस्त्याकडे असतं. पनवेलची ती एकची एसटी वळणावर येते, थांबते, कोण कोण उतरतं ते बघतात. गाडी गेली की मग जेवायला जातात. सुट्टीच्या नावाखाली माझ्या कुंपणाची ती जागा त्यांनी घेतली आहे, आणि मी समजत होते, मला शिकवायला येतात.

सुनंदा, आता तुझ्याशी बोलते. हे माझं बोलणं लिहून ज्यात छापायला देत्ये, तो अंक नीता घरी मागवते, आणि तू तो पोरगी झोपली की पहिल्या पानापासून वाचतेस, हे मला ठाऊक आहे. मागे फोनवर तू म्हणालीस, "माई, त्यांनी एकदा तोंडाने ये म्हटलं असतं तर मी कशीही आले असते." अगं, ते म्हणणार नाहीत. त्यांना वाटतं, त्यांचा तो हक्क गेला. तू बोलावण्याची वाट बघत बसलीस आणि ते गाडीची, तर मी म्हातारी कुणाकुणाला पुरणार?

नीताला सांग, एक रविवार तिनेही मागून घ्यायचा, भांडून घ्यायचा. तिच्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तेच केलं. सगळ्याच या. नातीला आण, तिला शिट्टी वाजवू दे, शेवंता उठते की नाही ते बघू. मी घावणे करीन. मी हे लिहिल्याचं मात्र त्यांना सांगू नकोस, नाहीतर माझीही नोंद होईल.

आणि एकच्या गाडीनेच ये गं. दुसऱ्या गाडीने आलीस तर ते फाटकाशी नसतील. लवकर ये.