बेवारस पातेलं

दिवाळीतल्या पाडव्याच्या सकाळी विजयकुमार ढोमणे यांनी ब्लॉकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिसऱ्यांदा नियम टाकले. चौथ्यांदा टाकावेत की काय, असा विचार ते करत होते, तेवढ्यात रमाबाईंनी त्यांच्या हातातला फोनच काढून घेतला.

"पुरे करा ना आता. लोकं ग्रुप सोडून जातीन."

"अवं, नवीन लोकं हायेत यंदा. आठवण देऊन राहिलो."

"जेवाले येऊन राहिले ते. भट्टीवर कामाले नाई चालले."

विजयकुमारांनी नियम मात्र काढून टाकले नाहीत. तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये काढली होती. 'हेल्मेट घाला', 'इथे उभे राहू नका' अशा पाट्या लावण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला नियमाशिवाय चार माणसं एकत्र जेवतात ही कल्पनाच धोक्याची वाटणार.

शिवाय या नियमांमागे एक दुःख होतं. छत्तीसगढातल्या त्या कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये दर पाडव्याला दुपारी सगळी मराठी घरं एकेक पदार्थ आणून कडुनिंबाखाली एकत्र जेवत. दोन वर्षांपूर्वी रमाबाईंनी गोळाभात नेला होता. लोक पनीरवर तुटून पडले आणि गोळाभात जसा गेला तसा परत आला. तो पुढे तीन दिवस नवराबायकोनं खाल्ला. तिसऱ्या दिवशी रमाबाई म्हणाल्या, "मी आता कुठी काई नेत नाई." आणि मागच्या पाडव्याला डोकं दुखतं म्हणून त्या घरीच राहिल्या. विजयकुमारांना ते फार लागलं. म्हणून यंदा नियम तीन होते. एक, प्रत्येकानं प्रत्येक पदार्थ किमान एक चमचा घ्यायचा. दोन, कोणता पदार्थ कोणी केला हे जेवण संपेपर्यंत सांगायचं नाही आणि विचारायचंही नाही. तीन, मीठ-तिखटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

नियमांचं फळ लगेच दिसलं. साडेबाराला पानं वाढली गेली आणि एकला रमाबाईंच्या गोळाभाताचा डबा अर्धा झाला. शेजारची शिल्पा तर दुसऱ्यांदा घेऊन गेली. रमाबाई दुसरीकडेच बघत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं. विजयकुमार टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून पाहणी करू लागले. भरली वांगी, पनीर, कोथिंबिरीची सांबारवडी, छोले, शंकरपाळे. सगळ्यांना चमचा लागलेला होता.

आणि मग टेबलाच्या अगदी शेवटी त्यांना ते पातेलं दिसलं.

मोठं, जर्मनचं, ताटानं झाकलेलं. ताट उचलून बघितलं तर आत खिचडी. काठोकाठ भरलेली, वर साय धरल्यासारखी सपाट. एकाही चमच्याची खूण नाही. आणि पातेल्यापासून दोन हातांवर नव्या सुनेसारखी अंग चोरून ऐश्वर्या उभी होती. ती खरोखरच नवी सून होती. धनंजयशी लग्न होऊन तिला चारच महिने झाले होते. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला, सासू ठकूबाई कुठे दिसत नव्हत्या, आणि ही पोरगी एकदा पातेल्याकडे, एकदा लोकांकडे काळजीनं बघत होती.

विजयकुमारांना तिची दया आली. पोरीचा पहिला पाडवा. पहाटे उठून एवढं पातेलंभर रांधलं आणि कोणी ढुंकून बघत नाही. त्यांनी पळी उचलली.

"काका!" ऐश्वर्या दचकून पुढे आली. "ते ना, ते पातेलं—"

"श्श!" विजयकुमारांनी बोट ओठांवर ठेवलं. "नियम दोन. सांगाचं नाई."

"पर काका, ते आईंची—"

"आईची रेसिपी हाये, समजलं मले," विजयकुमार मायेनं म्हणाले. "तू फिकर करू नको. आता पाय कशी संपते ते."

त्यांनी पानावर दोन पळ्या खिचडी घेतली आणि सगळ्यांना दिसेल असा मोठा घास तोंडात घातला. खिचडीत मीठ नव्हतं. फोडणी नव्हती. सालासकट भोपळ्याच्या फोडी होत्या आणि कोचईचे गिळगिळीत तुकडे होते, म्हणजे आपले अळूचे कंद. ते घशातून हळूच खाजवत उतरत होते. विजयकुमारांनी डोळे मिटले.

"वा!" ते म्हणाले.

हा 'वा' चांगला खणखणीत होता. शिल्पाचा नवरा सुशील पान घेऊन आला. त्यानं घास घेतला, चावला, थोडं थांबला आणि विजयकुमारांकडे बघितलं. विजयकुमार त्याच्याकडेच बघत होते.

"एकदम... सात्त्विक हाये," सुशील म्हणाला.

"आणि हेल्दी!" शिल्पा मागून म्हणाली. "ऑइल तो बिल्कुल नाईच याच्यात. आमच्या सासऱ्याचा बीपी हाये, त्याइच्यासाठी डब्यात घेऊन जाऊ का थोडीशी?"

"थोडीशी काऊन? चांगली ने," विजयकुमार म्हणाले आणि त्यांनी डबा भरून दिला.

मग रांगच लागली. ज्यानं खाल्ली त्यानं दुसऱ्याला आग्रह केला, कारण आपण एकट्यानंच का खावी. कोणी म्हणालं, आजकाल असं गावाकडचं मिळत नाही. कोणी घसा खाकरून म्हणालं, चव रेंगाळते जिभेवर. शिल्पानं तर ग्रुपवर फोटो टाकून रेसिपीची मागणी केली. ऐश्वर्या मध्ये मध्ये "अहो, प्लीज, सुनो तो" म्हणत होती, आणि दर वेळी कोणीतरी तिची पाठ थोपटून तिला "नियम, नियम" म्हणत होतं. शेवटी ती घराकडे धावत गेली, न्हाणीघराचं दार वाजवून आली आणि हताश होऊन पुन्हा उभी राहिली.

रमाबाईंनी मात्र एक घास खाऊन नवऱ्याला बाजूला ओढलं.

"अवो, याच्यात मीठच नाई."

"नियम तीन."

"नियम गेला चुलीत. सालटासकट भोपळा कोण टाकते?"

"नवीन पोरी हायेत. फायबर राहते त्याच्यात."

"मले तर ही खिचडी माणसाची वाटतच नाई," रमाबाई म्हणाल्या. पण तोपर्यंत विजयकुमार तिसऱ्यांदा वाढून घ्यायला गेले होते. कारण तळाशी थोडी उरली होती, आणि पातेलं रिकामं झालेलं त्या पोरीनं बघावं, अशी त्यांची फार इच्छा होती. त्यांनी पळीनं खरवडून शेवटचा घास खाल्ला, रिकामं पातेलं उलटं करून सगळ्यांना दाखवलं आणि टाळ्या वाजवल्या. लोकांनीही वाजवल्या.

"जेवण संपलं," त्यांनी जाहीर केलं. "आता नियम दोन संपला. ज्याइनं ही खिचडी केली त्याइनं पुढं या!"

सगळे ऐश्वर्याकडे बघू लागले. ऐश्वर्यानं मान खाली घातली आणि एक बोट क्वार्टरच्या दिशेनं वर केलं.

तिकडून ठकूबाई येत होत्या. नुकतीच आंघोळ झालेली, अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात पूजेचं ताट. त्यांच्यामागे जानराव होता. कुरुद गावातून येऊन ब्लॉकमध्ये दूध घालणारा. आणि जानरावाच्या मागे, शिंगांना गेरू लावलेली, गळ्यात मोरपिसांची माळ घातलेली त्याची गाय चांदी, सणाच्या दिवशी पाहुणी येते तशी संथ चालत येत होती.

ठकूबाईंनी ताट टेबलावर ठेवलं आणि पातेल्यात बघितलं. मग त्यांनी पातेल्याखाली बघितलं.

"खिचडी कुठी गेली वो?"

सगळे आपापल्या पानात बघू लागले.

"ऐश्वर्या, तुले सांगून गेली होती ना मी, थंडी होऊ दे अन् ध्यान ठेव म्हणून? कुत्र्यानं तोंड घातलं काय?"

"नाई," विजयकुमार म्हणाले. "कुत्र्यानं नाई."

"मंग?"

"आम्ही."

"आम्ही म्हंजे?"

"सगळ्याइनं," विजयकुमार म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान झालेला ब्लॉकनं कधी ऐकला नव्हता.

"चांदीची खिचडी?"

सुशीलनं हातातलं पान हळूच खुर्चीखाली ठेवलं. शिल्पानं फोन काढून ग्रुपवरचा फोटो काढून टाकला. ठकूबाईंनी एक शब्दही वाईट काढला नाही. त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या, आणि तेच सगळ्यांना जास्त लागलं. चाळीस वर्षं त्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहिलेल्या. तिथल्या छत्तीसगढी शेजारणींकडून त्यांनी पाडव्याच्या गोवर्धनपूजेला गाईला खिचडी घालायचा रिवाज घेतला होता, आणि तो एकदाही चुकू दिला नव्हता. गाईनं खाल्ल्याशिवाय त्या तोंडात पाणी घालत नसत. आज सकाळपासून त्यांनी पाणी घेतलं नव्हतं.

"पनीर हाये थोडं," कोणीतरी म्हणालं.

"मसाल्याचं नाई चालत जी तिले," जानराव म्हणाला. "अन् मले कुरुदले वापस जायाचं हाये. तिथं चार घरचे लोकं वाट पाहून राहिले. अर्धा तास थांबू शकतो."

"मी करून देतो," विजयकुमार म्हणाले.

रमाबाई हसल्या. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि चहासुद्धा विजयकुमार 'जरा पाय ना, उतू जाईन' म्हणून त्यांच्या हवाली करत. पण विजयकुमार खरोखरच बाह्या सावरून ठकूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. "कोणी मदतीले येऊ नका," ते दारातून म्हणाले. "चूक माझी हाये."

ठकूबाईंनी खुर्ची खिडकीखाली ओढून घेतली आणि बाहेरूनच हुकूम सुरू केले.

"तांदूळ दोनदा धुवा."

"धुतले."

"कोचईले हात लावाच्या आधी तेल लावा हाताले."

"आधी सांगाचं ना," आतून विजयकुमारांचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ दोन्ही हात खसाखसा खाजवल्याचाही. कुकरच्या तीन शिट्ट्या ठरल्या होत्या, पण दुसरी कुठली आणि तिसरी कुठली यात गोंधळ होऊन पाच झाल्या. इकडे चांदीनं वाट बघता बघता शिल्पाची झेंडूची रांगोळी खाऊन टाकली. तिला कोणी अडवलं नाही. त्या क्षणी तिला काही म्हणायची कोणाची टाप नव्हती.

अखेर विजयकुमार परात घेऊन बाहेर आले. चेहरा घामानं डबडबलेला, चष्म्यावर वाफ, कोपरापर्यंत लाल हात. त्यांनी परातीला वर्तमानपत्रानं वारा घातला, बोट घालून गरम आहे का बघितलं, पुन्हा वारा घातला. ठकूबाईंनी चांदीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं. परात तिच्यापुढे ठेवली गेली.

चांदीनं वास घेतला आणि तोंड बाजूला केलं.

पानं वाढून झाल्यावर लोकांच्या हातांकडे बघत बसणाऱ्या बाईच्या मनात काय चालतं, हे विजयकुमारांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. "गरम हाये काय अजून?" ते पुटपुटले. "तांदूळ तर चांगला शिजला. पाणी जास्त झालं काय? खा ना वो माय. एक घास तरी खा."

चांदीनं कान हलवले. मग जीभ बाहेर काढून परातीच्या काठाची खिचडी चाटली. मग तोंड आत घातलं आणि चांगली खाऊ लागली.

"खाऊन राहिली!" विजयकुमार ओरडले. "रमा, पाय! खाऊन राहिली!"

निम्मी परात संपल्यावर चांदी थांबली. जानरावानं हात जोडले, आणि तिला घेऊन तो कुरुदच्या रस्त्याला लागला. ठकूबाईंनी दोन घोट पाणी घेतलं, परात उचलली आणि टेबलावर आणून ठेवली.

"या सगळे," त्या म्हणाल्या. "आता हा परसाद. गाईनं खाऊन उरलेलं घरच्याइनं खाल्लं पाह्यजे, तवाच पूजा पुरी होते."

पोटात आधीच एक खिचडी असलेले पंचवीस लोक एकमेकांकडे बघू लागले. पण ठकूबाईंना नाही म्हणायची हिंमत आज कोणात होती? एकेक जण पुढे आला, हातावर घास घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. विजयकुमार परातीजवळच उभे होते. ते प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते.

रमाबाईंनीही घास घेतला.

"कशी झाली?" विजयकुमारांनी विचारलं.

"खाली लागली," रमाबाई म्हणाल्या. "धुराचा वास येऊन राहिला."

"गाईनं तर काई म्हटलं नाई!"

"ते गरीब जनावर हाये."

विजयकुमारांचा चेहरा उतरला. ते परातीकडे बघत उभे राहिले. एवढ्यात ऐश्वर्या आली, आणि तिनं एकदा घेऊन झाल्यावर पुन्हा मोठा घास हातावर घेतला. विजयकुमारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुले आवडली वाटते, बेटा?"

ऐश्वर्या घुटमळली. दुपारपासून तिला कोणी एक वाक्य पुरं बोलू दिलं नव्हतं. तिनं आजूबाजूला बघितलं. सगळे शांत होते, सगळे तिच्याकडेच बघत होते.

"काका," ती म्हणाली, "खरं सांगू?"

"नको," विजयकुमार घाईघाईनं म्हणाले, आणि त्यांनी तिच्या हातावर अजून एक घास वाढला.