खिदळीला हाक मारली होती

एका जंगलात, मुलांनो, कुणाचंच लेकरू नीट जेवत नव्हतं. हसू नका, तुमच्याबद्दलच बोलतोय.

आयांनी त्यावर रामबाण उपाय शोधला होता. पोरानं तोंड फिरवलं, की गुहेकडे बघून हाळी द्यायची, "ये गं तरसे, ह्याला घेऊन जा!" पोर घाबरून मुकाट घास गिळायचं.

आता त्या गुहेत खरंच तरसाची एक पोरकी पोर राहायची. तिचं नाव खिदळी. ती हसली, की धडधाकट झाडंसुद्धा पानं गाळायची. तिचा काय दोष? तिला हसू यायचं, एवढंच. तिच्याशी कुणी बोलत नसे, खेळत नसे. म्हणून रोजच्या या हाका तिला फार गोड वाटत. एवढं बोलावतात आणि आपण जात नाही, हे काही बरं नाही, असं वाटून एके दिवशी ती तोंड धुऊन चितळीणबाईंच्या दारात उभी राहिली.

"आले काकू. कुठं घेऊन जाऊ ह्याला?"

चितळीणबाई जागच्या जागी आडव्या झाल्या. त्यांचा ठिपक्या मात्र टुणकन खिदळीच्या पाठीवर बसला. दोघं संध्याकाळपर्यंत ओढ्यात डुंबली. भूक लागल्यावर ठिपक्यानं पोट फुटेस्तोवर गवत खाल्लं.

परतल्यावर सगळं जंगल दगड घेऊन स्वागताला हजर होतं. "तुम्हीच बोलावलंत ना?" असं खिदळी मार खाता खाता विचारत राहिली. ती चांगली आहे, असं ठिपक्या रडून सांगू लागला, तेव्हा त्याला बाधा झाली हे सगळ्यांना पटलं. त्याला मिरच्यांची धुरी दिली.

पण पोरांत बातमी फुटलीच. आता हाळी ऐकली, की पोरं आनंदानं वाटेकडे बघत आणि ती यावी म्हणून दात आणखी घट्ट आवळत. पोरं वाळू लागली. शेवटी बालपोषण समितीचे अध्यक्ष साळिंदरराव नाकाला पान लावून गुहेत गेले.

"झालं गेलं विसर, पोरी. फक्त जरा भयंकर हो."

"मग मला परत बोलवाल?"

"दोन्ही वेळा. सणासुदीला तीनदा."

खिदळीला आनंदानं रडू आलं. समितीनं तिला दात विचकायला आणि डोळे वटारायला शिकवलं. पाण्यात स्वतःचं रूप बघून ती इतकी घाबरली, की धावत साळिंदररावांना बिलगली. त्यामुळे डोळेही आयतेच लाल झाले.

दुसऱ्या दिवशी हाळी आली. ठिपक्या उड्या मारत सामोरा धावला. खिदळीनं शिकवल्याप्रमाणं दात विचकले आणि त्याच्या कानाचा चावा घेतला.

ठिपक्यानं रडत रडत सगळं संपवलं. वर दोनदा मागून घेतलं.

समितीनं खिदळीचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. दोन्ही लांबूनच फेकले. नारळ कपाळावर बसला. तिला आता रोज बोलावतात, पण हसू काही येत नाही. दात मात्र छान दिसतात, असं सगळे म्हणतात.

तात्पर्य : मुलांनो, पानात काही टाकू नये. तुम्ही एक घास टाकलात, की मोठ्यांना कुणाच्या तरी लेकराचा राक्षस करावा लागतो. आणि त्या बिचाऱ्यांना इतर कामंही असतात.