ओढ्यातला गार दगड

एका जंगलात, बाळांनो, आणि खास करून साठीच्या पुढच्या बाळांनो, दर्पसिंह नावाचा वाघ राज्य करत होता. मिशांना पीळ, डरकाळीत जरब. राणीचं नाव केतकी.

पुढे राजाला लघवीचा त्रास सुरू झाला. डॉक्टर अस्वलबाईंनी तपासण्या केल्या.

"प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, महाराज. तो पुरुषी हार्मोनवर पोसतो. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं. हार्मोन बंद, की त्याची उपासमार."

"एवढंच ना?" म्हणत राजाने दंड पुढे केला.

एवढंच नव्हतं. महिन्याभरात भर दरबारात त्याच्या अंगातून वाफा निघू लागल्या. पोट सुटलं. छाती भरून आली, तीही अभिमानाने नव्हे. सशाने बीळ कोसळल्याची तक्रार मांडली, तर राजा हमसून हमसून रडला. शेवटी ससाच त्याची समजूत घालत बसला. राणीशेजारी झोपताना तर त्याला काही वाटेनासंच झालं, आणि त्याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटे.

दुसऱ्या इंजेक्शनचा दिवस उजाडला. राजा गुहेतून गुपचूप सटकला आणि ओढ्यातल्या गार दगडावर जाऊन पसरला. मरण आलं तरी बेहत्तर, पण वाघ म्हणून यावं, असं त्याने ठरवूनच टाकलं.

मागोमाग केतकी आली.

"सरका जरा. हा दगड माझा आहे."

"तुझा? कधीपासून?"

"माझी पाळी गेली तेव्हापासून. अशाच वाफा, असंच रडू. सहा वर्षं येत होते इथे. तुम्ही म्हणाला होतात, बायकांची थेरं."

राजाला ते चांगलंच आठवत होतं. तो सरकला.

"फार त्रास व्हायचा का गं?"

"आज विचारताय. बरं, तेवढ्याने मी वाघीण राहिले नाही का?"

"राहिलीस की. माझ्याहून जास्त."

"मग उठा. अस्वलबाई खोळंबल्यात. मला तुमच्या शौर्याची समाधी नकोय, तुम्ही हवे आहात."

राजा उठला. इंजेक्शन घेऊन संध्याकाळी परतला, तो थेट ओढ्यावर. दगडाच्या एका कडेला तो अंग चोरून बसला आणि त्याने राणीला हाक मारली.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुखणं कळायला मोठं मन लागतं, असं थोर लोक सांगतात. तसं काही नाही. तीन महिन्यांतून एक इंजेक्शन पुरतं.