धनेशराव ऐकून घेतात

एका जंगलात सगळे प्राणी दिवसभर बोलत असत आणि कुणीच कुणाचं ऐकत नसे. त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. प्रश्न शेवटी विचारायचे. शेवटी वेळ उरणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तर त्या जंगलात धनेशराव नावाचे एक धनेश पक्षी राहत. धनेश माहीत आहे ना? ज्याची चोच त्याच्यापेक्षा आधी घरात शिरते, तो. धनेशांच्या घरची रीत जरा निराळी असते. अंडं घालायची वेळ झाली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दार आतून लिंपून घेते. कशानं लिंपते ते सांगत नाही, तुम्ही जेवून आला आहात. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. आत बसल्यावर तिची उडायची पिसं गळून पडतात. म्हणजे मनात आलं तरी बाहेर पडायची सोय नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत दोन-तीन महिने नवऱ्यानं फटीतून खायला घालायचं. नाही घातलं तर आतल्या दोघांचाही कारभार आटोपला.

धनेशराव घालत होते. दिवसाला वीस खेपा. बोलत काहीच नसत, कारण चोचीत उंबर असे. त्यांची पत्नी मंदाबाई आतून म्हणे, "आजची जरा तुरट आहेत हो." झालं, एवढंच बोलणं. संसार झकास चालला होता.

मग करकोचा आला.

हा करकोचा दर थंडीत परदेशातून यायचा. तळ्याकाठी एका पायावर उभं राहून तो समुपदेशनाचा सात दिवसांचा कोर्स घ्यायचा. समुपदेशन म्हणजे समोरचा रडतो आणि आपण मान हलवतो. दुसऱ्या पायाचं काय करायचं, ते पुढच्या कोर्समध्ये शिकवत.

करकोच्याचे नियम सोपे होते. मध्ये बोलायचं नाही. ऐकलेलं त्यालाच परत सांगायचं. आणि आभाळ कोसळलं तरी उपाय द्यायचा नाही, कारण ज्याचं त्याचं उत्तर त्याच्या आतच असतं.

धनेशराव कोर्समध्ये पहिले आले. त्यांना सागाच्या पानावर प्रमाणपत्र मिळालं. ओढ्याकाठच्या उंबरावर त्यांनी बैठक थाटली, आणि पहिल्याच दिवशी साळिंदर आलं.

"मला कुणी जवळ घेत नाही," साळिंदर म्हणालं.

"तुम्हाला कुणी जवळ घेत नाही, असं तुम्हाला वाटतं," धनेशराव म्हणाले.

"अगदी! अहो, तुम्हाला कसं कळलं?" साळिंदर ढसाढसा रडलं आणि हलकं होऊन घरी गेलं. जाताना त्याचे चार काटे तिथेच राहिले, ते धनेशरावांनी पेन म्हणून वापरले.

मग अस्वल आलं, मोर आला, मोराची बायको वेगळी आली. खाली रांग लागू लागली. सगळ्यांना बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, खरंच बरं वाटत होतं. जन्मात कुणी त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी धनेशराव ढोलीपाशी आले. फटीतून चोच बाहेर आली.

"अहो, आलात? काय आणलंत?"

धनेशरावांनी मान डावीकडे कलती केली. डोळे अर्धे मिटले. "मी काय आणलंय याची तुला उत्सुकता आहे."

"उत्सुकता कसली डोंबलाची? भूक लागलीय."

"तुला भूक लागल्यासारखं वाटतंय."

"वाटत नाहीये, लागलीय!"

"तुझ्या आवाजात मला थोडा राग जाणवतो."

"थोडा?"

"राग स्वाभाविक आहे, मंदा. त्याला ढकलू नकोस. आपण त्याच्यासोबत बसूया." आणि धनेशराव खरंच बसले. चांगले पाऊण तास बसले.

"तुम्ही बसा रागासोबत," आतून आवाज आला. "मी उंबरांसोबत बसते. तेवढी घेऊन या."

"मी उंबर दिलं तर ते माझं उत्तर होईल गं. तुझं उत्तर तुझ्या आतच आहे."

मंदाबाईंनी आत बघितलं. "आत अंडं आहे," त्या म्हणाल्या.

"बघ, सापडतंय हळूहळू," असं म्हणून धनेशराव समाधानानं निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, धनेशराव दुष्ट होते. मुळीच नाही. त्यांचा बायकोवर भारी जीव होता. साळिंदराला त्यांनी अर्धाच तास दिला, बायकोला पाऊण दिला. तिला आपल्यावर अवलंबून ठेवायचं नाही, हे त्यांनी मनापासून ठरवलं होतं. चोचीपर्यंत आलेलं उंबर ते मोठ्या निग्रहानं स्वतःच गिळत.

चार दिवस गेले. मंदाबाईंनी ढोलीतल्या मुंग्या खाल्ल्या, किडे खाल्ले, मग झाडाची सालही कुरतडून पाहिली. पाचव्या दिवशी अंडं फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं. त्यानं एकदा आईकडे बघितलं, चोच उघडली आणि जे ओरडायला लागलं ते थांबेचना.

मंदाबाई रडकुंडीला आल्या. "अहो, माझं राहू द्या. हे मरेल हो!"

"आई म्हणून तुला भीती वाटते आहे," धनेशराव हळुवारपणे म्हणाले. मग फटीशी वाकून पिल्लाला म्हणाले, "बाळा, तू ओरडतो आहेस, असं मला ऐकू येतंय."

हा माणूस, म्हणजे पक्षी, इतका शांत होता की मंदाबाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण भिंत स्वतःच लिंपलेली होती आणि पंखांना पिसं नव्हती. फोडून बाहेर पडल्या असत्या तर सरळ खाली, जिथे मुंगूस दुपारचं हिंडतं.

आता शेजारच्या झाडावर एक शेकरू राहायची. गोदाक्का. गोदाक्कांनी जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांच्याशी बोलायला गेलं की आपण बोललोच नाही, असं वाटून परत यावं लागे. कोर्सला या म्हणून धनेशरावांनी त्यांना दोनदा सुचवलं होतं. दोन्ही वेळा ते वाक्य अर्धंच राहिलं.

तर पिल्लाच्या ओरडण्यानं गोदाक्कांच्या दुपारच्या झोपेचं खोबरं झालं. त्या भांडायलाच आल्या.

"काय गं मंदे, पोर आहे की भोंगा?"

"अक्का, चार दिवस पोटात काही..."

"मला काही सांगू नकोस! हे धर, कोंब त्याच्या तोंडात, आणि गप कर त्याला!" असं म्हणून त्यांनी हातातलं उंबर फटीतून आत ढकललं. पिल्लू गप झालं. मग त्यांनी दुसरं ढकललं. "हे तू खा. आवाज बघ कसा झालाय, मेल्यासारखा. तर मी काय सांगत होते, माझी नणंद..."

त्या काहीच सांगत नव्हत्या, पण मंदाबाई खात होत्या.

दुसऱ्या दिवशी गोदाक्का पुन्हा आल्या, कारण नणंदेचं अर्धंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघे निघाले. मग धाकट्या जावेचं बाळंतपण. येताना दोन्ही हातांत उंबरं, आणि बोलता बोलता एकेक आत. मंदाबाईंनी अनेकदा तोंड उघडलं. "अक्का, तुमचे उपकार मी..." की त्यात उंबर. पुढचे दोन महिने मंदाबाईंना एक वाक्य पुरं करता आलं नाही. त्यांचं मन काही मोकळं झालं नाही. पिसं मात्र नवी आली, काळीभोर, आणि पिल्लानं बाळसं धरलं.

धनेशरावांना हे कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. "अक्का, तुम्ही तिला परावलंबी करताय," ते म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोला. बरं ते जाऊ द्या, तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांची शेपटी..." आणि गोदाक्का सुरू झाल्या. मध्ये बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे धनेशराव बिचारे सूर्य मावळेपर्यंत ऐकत राहिले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि ढोलीपाशी जायचंही सोडलं. आपल्या नोंदींत साळिंदराच्या काट्यानं त्यांनी एवढंच लिहिलं : 'पत्नीनं स्वतःचं उत्तर स्वतः शोधलं. पद्धत यशस्वी.'

ही नोंद जंगलभर गाजली. सिंहमहाराजांनी धनेशरावांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, आणि नंतर सगळ्यांना जेवण.

त्याच दिवशी सकाळी मंदाबाईंनी दार फोडलं. दोघंही बाहेर आली, पिल्लू धडपडत, आई डोळे किलकिले करत. बघायला गोदाक्का होत्या. "आलीस? बरं झालं. चल, तिकडे जेवण आहे म्हणतात," त्या म्हणाल्या आणि दोघांना घेऊनच गेल्या.

धनेशरावांचं भाषण रंगात आलं होतं. "माझ्या यशात माझ्या पत्नीचा मोठा वाटा आहे," ते म्हणत होते. "मी बाहेर काम करत असताना ती सदैव घरात असे." टाळ्या पडल्या. अस्वलानं डोळे पुसले.

"आई," पिल्लू म्हणालं, "ते शालवाले काका कोण?"

मंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "ते ना? ते सगळ्यांचं ऐकून घेतात."

"मग आपल्याकडे का नाही येत?"

"यायचे रे. रोज यायचे."

भाषण संपवून धनेशराव खाली उतरले आणि त्यांना ही दोघं दिसली. ते जवळजवळ धावतच आले. पिल्लू चांगल्या वळणाचं होतं. त्यानं वाकून नमस्कार केला. "काका, अभिनंदन."

धनेशरावांची शाल खांद्यावरून घसरली. कोर्स झाल्यापासून पहिल्यांदाच ते कुणाचं बोलणं त्यालाच परत सांगू शकले नाहीत. "अरे, काका काय म्हणतोस," ते म्हणाले. "मी तुझा बाबा."

पिल्लानं त्यांचं म्हणणं मध्ये न बोलता, शेवटपर्यंत, अगदी नीट ऐकून घेतलं. मग ते गोदाक्कांच्या मागोमाग जेवायला गेलं.

तात्पर्य : घरच्या माणसाला भूक लागली तर आधी त्याचं मन जाणून घ्यावं. खायला घालण्याचं काम शेजारच्या बडबड्या बाईवर सोडावं. नाहीतरी तिला दुसरं काही येत नाही.